फ्रीजमधली दोन अंडी

कुठल्याही वस्तूला चाचा आधी उलटा हात लावून बघत. चहाचा कप, स्कूटरचं इंजिन, माझं शिवणयंत्र, शेजारच्या तापलेल्या पोराचं कपाळ. "तळहात काम करून करून बधिर होतो गो," म्हणायचे, "खरं विचारायचं तर उलट्या हाताला." आणि डोळे मिटून असे थांबायचे, की आता आतून कोणीतरी उत्तर देणार असं बघणाऱ्यालाही वाटावं.

तीस वर्षं कुवेतला एसी आणि फ्रीज दुरुस्त करून ते महाडला परत आले होते. ते आणि चाची तळमजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. मी ब्लाउज शिवते. माझी जीभ कात्रीपेक्षा जोरात चालते असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, चालते. चाचांना मात्र माझ्या बडबडीचा कधी कंटाळा आला नाही. कशावरही त्यांचं एकच उत्तर असायचं, "घाई नाय करायची. गॅस आपल्या टायमाने भरतो."

अशा शांत माणसाच्या घरात पाल आली. हो, पाल! भिंतीवरची नव्हे, विकतची. पिवळीधमक, काळ्या ठिपक्यांची. त्यांची मुंबईची नात शिकायला परदेशी निघाली आणि जाताना आपली लाडकी नानांच्या हवाली करून गेली.

"अहो चाचा, लोक पाल झाडूने हाकलतात. तुम्ही तिला काचेच्या घरात बसवलीत?"

"ही भिंतीवर चढत नाय. आणि बघ, पापण्या हायेत हिला."

मी वाकून बघते तर तिने सावकाश डोळा मिटला आणि उघडला. मी जी किंचाळले ती थेट जिन्यात. चाचींनी तर बजावूनच ठेवलं होतं, "ही माझ्या सैपाकघरात दिसली तर मी चालले दासगावला, भावाकडे."

नातीने निघण्यापूर्वी मैत्रिणीकडच्या नराबरोबर पालीची गाठ घालून दिली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खालून आरोळी आली, "गो, खाली ये! दोन हायेत, दोन!" हातातलं काज तसंच टाकून मी धावले. ओल्या मातीच्या डब्यात दोन अंडी. लांबट, जांभळाएवढी, टरफल कडक नव्हे तर ओल्या चामड्यासारखं. आणि चाचा, साठी उलटलेला माणूस, अक्षरशः जागच्या जागी उड्या मारत होते.

अंडी ठेवली कुठे, तर बंद पडलेल्या फ्रीजमध्ये. आत बल्ब, बाहेर डिग्री दाखवणारा आकडा. पहाटे गारठा असला की बल्ब चालू, दुपारी महाड तापलं की आत बर्फाची बाटली. "आयुष्यभर थंड केलं, आता बघ, उबवतोय," म्हणायचे. आकडा हवा अठ्ठावीस. या जातीत म्हणे बत्तीसच्या आसपास नर जास्त होतात आणि अठ्ठावीसला माद्या. "आपल्याला दोन्ही मुलीच पायजेत," चाचा ठणकावून सांगत. असं ठणकावून सांगणारा माणूस आमच्या आळीत मी पहिल्यांदाच बघितला.

पंधरा दिवसांनी पाल गेली. अंडी घालून जी खंगली ती सावरलीच नाही. फोनवर नात खूप रडली. शेवटी म्हणाली, "नाना, आता ती दोनच राहिली तिची. दोन्ही जगवा." चाचांनी शब्द दिला. मी तिथेच उभी होते.

आणि मग चाचींच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मुंबईला जायचं, चौथ्या दिवशी परत. चाचांनी फ्रीजची चावी माझ्या हातात ठेवली. आकडा बघ, दुपारी बाटली बदल, माती सुकली तर कडेने चार थेंब टाक. एवढं तीनतीनदा सांगितलं.

माझं माहेर वरंधच्या वरच्या वाडीतलं. खुडूक कोंबडीखाली अंडी मांडण्यात माझं लहानपण गेलं. अंडं एका कुशीवर ठेवलं तर पिल्लू चिकटतं, म्हणून कोंबडी चोचीने अंडी फिरवते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी फ्रीज उघडला तर दोन्ही अंड्यांवर वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका. मी म्हटलं, वा रे चाचा! फिरवलं की नाही ते कळावं म्हणून खूण केली, आणि सांगायला मात्र विसरले. तीन दिवस रोज सकाळी हात धुऊन, देवाचं नाव घेऊन मी दोन्ही अंडी उलटी केली.

ते आले तेव्हा मी दारातच छाती फुगवून सांगितलं, "अंडी रोज फिरवली हं चाचा!"

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. ते तडक आत गेले आणि फ्रीज उघडला. दोन्ही ठिपके खाली होते.

"पाल अंडं घालते आणि निघून जाते गो," ते हळूच म्हणाले. "फिरवणार कोण? जसं पडलं तसंच राहावं लागतं. आतला जीव वरच्या अंगाला धरलेला असतो. ठिपका त्यासाठी." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडायला लागले, तर मलाच म्हणाले, "घाई नाय करायची. लगेच कळत नाय."

त्यांनी बोटांनी तसूतसूने ठिपके पुन्हा वर आणले. खिडक्या लावून अंड्यांखाली मोबाईलची बॅटरी धरली. एका अंड्यात लाल दोरे दिसले. दुसऱ्यात नुसता पिवळा उजेड.

त्यानंतर रोज मशीनवर बसण्याआधी मी खाली. महिन्याभरात पिवळं अंडं बसलं, बुरसलं, आणि चाचांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मी तोंड फिरवलं.

मग एप्रिलात, भर दुपारी, पुन्हा आरोळी! उरलेल्या अंड्याला घाम फुटला होता. खरंच, वर दवासारखे थेंब! मी गिऱ्हाइकाला अर्ध्या मापावर सोडून धावले, तर ते गिऱ्हाईकही टेप गळ्यात घालून माझ्यामागे. अंड्यावर एक चीर पडली. चाचा म्हणाले, "कोणी हात लावू नका." कोण लावतोय! श्वास घ्यायची चोरी होती. चिरेतून इवलंसं नाक आलं आणि तिथेच थांबलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. "ये गो ये, ये माझी बाय," असं कोण पुटपुटतंय म्हणून बघते तर चाची! काळा चष्मा कपाळावर चढवून सर्वांत पुढे! आणि सुळकन अख्खं पिल्लू बाहेर. करंगळीपेक्षा बारीक, काळे-पिवळे पट्टे, चार पायांवर ताठ उभं. आम्हाला बघून त्याने तोंड वासलं आणि किर्रर्र करून आमच्यावरच ओरडलं! आम्ही चौघं एकदम मागे सरकलो आणि एकदम हसलो. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायची शुद्ध नव्हती.

लगेच नातीला फोन लावला. पलीकडून नुसता चीत्कार. मग तिने विचारलं, "आणि नाना, दुसरं?" गिऱ्हाइकाचं निमित्त करून मी वर सटकले.

पुढच्या वर्षी एका दुपारी चाचा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. महिन्याने नात आली आणि आता मोठ्या झालेल्या त्या पिल्लाचा डबा मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली.

"नाना म्हणाले होते, दुसरं अंडं त्यांच्या हातून उलटं झालं. मी फार चिडले हो ताई. दोन आठवडे त्यांचा फोन घेतला नाही."

ते दोन आठवडे मला आठवले. चाचा रोज वर येऊन माझ्या फोनला रेंज आहे का विचारत होते.

"त्यांच्या हातून नाही," मी म्हटलं. "मी उलटं केलं. माझ्या हाताने, तीन दिवस."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू माझ्यावर चिडली असतीस. आणि मग मी कुठल्या तोंडाने रोज खाली आले असते?"

"मी दोन आठवडे बोलले नाही त्यांच्याशी," ती पुन्हा म्हणाली.

"आणि मी वर्षभर रोज बोलत होते," मी म्हटलं, "पण त्यांनी तुला काय सांगितलं, हे एकदाही विचारलं नाही. घाबरत होते."

आतून चाचींनी चहाला हाक मारली. आम्ही दोघी उठलो नाही.