वरच्या फळीवरचे पेले

आमच्या बारामतीच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे सर उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदापूर तालुक्यात घरोघरी पाणी मागत फिरतात. पाहुण्यांचे पेले बहुतेक घरांत वरच्या फळीवर असतात. टाचा न उचलता पेला काढणारी मुलगी दिसली की सर वही उघडतात. स्वतः ते माझ्या खांद्याला लागतात. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. यंदा मला बरोबर नेलं ते बाईमाणूस असावं म्हणून, असं मी धरून चालले होते.

संघातली एकुलती एक उंच मुलगी पास होऊन गेली होती. तिच्या जागी घेण्याजोगी मुलगी अखेर कळस गावात सापडली, पण वडील अडून बसले.

"उंचीपायी दोन स्थळं गेली, सर. उड्या मारून आणिक वाढली म्हंजे?"

सर म्हणाले, "मॅडम, जरा उभ्या ऱ्हावा."

मी उभी राहिले. वडिलांनी मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश बघितलं.

"मालक केवढं हायत तुमचं?"

"माझ्या कानापर्यंत. वीस वर्षं झाली, अजून तक्रार नाही."

आत मुलगी फिसकन हसली. वडिलांनी प्रवेशाचा फॉर्म मागितला.

परतताना मी विचारलं, "मला यासाठी आणलं होतंत?"

"मग? पाणी मला एकट्याला बी पिता येतं."