खांबाचा कोळसा

मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नारायण पेठेतली जागा सोडून आम्ही धायरीला आलो होतो. एका दुपारी माझी जुनी विद्यार्थिनी फोन न करताच दारात उभी राहिली. मूळची विदर्भातली, शिकायला पुण्यात आली आणि इथेच संशोधनाला लागली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात शिरून पाणी घेणारी मुलगी, पण त्या दिवशी चप्पल काढून दाराशीच थांबली.

"मॅडम, तुम्ही आधी बसा."

माझ्याच घरात मला कोणी बसायला सांगितलं की मला राग येतो. मी उभीच राहिले. तिने एक कागद पुढे केला.

तरुणपणी मी विदर्भातल्या एका नदीकाठी उत्खननात होते. तिथे सापडलेल्या घराचा काळ मी कोळशावरून ठरवला होता. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं. त्यातला थोडासा किरणोत्सारी असतो आणि तो पुढे ठरलेल्या वेगाने घटत जातो. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. त्या घराचं वय अपेक्षेपेक्षा कितीतरी जुनं निघालं आणि माझं नाव झालं. व्याख्यानं, समित्या, पाठ्यपुस्तकातली एक ओळ, सगळं त्या एका आकड्यामुळे.

कागदावर त्याच घराचा नवा आकडा होता. तीन-चार शतकांनी अलीकडचा.

"नमुना दूषित झाला असेल," मी म्हणाले.

"मीही तेच धरून चालले होते. म्हणून दोन वेगळ्या प्रयोगशाळांत पाठवला. दोन्हीकडे हेच आलं."

"कशाचा नमुना?"

"कुळथाचे जळके दाणे. तुम्हीच पिशवीत भरून ठेवले होते, त्याच घराच्या चुलीजवळचे."

आमच्या वेळी चाचणीला मूठभर कोळसा लागायचा, आता एक दाणा पुरतो. मग मात्र मी बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी, मी जिथे शिकवायचे त्या संस्थेच्या भांडारात गेलो आणि माझी उत्खननाची वही शोधून काढली. अक्षर माझंच होतं. 'खांबाच्या खड्ड्यातून कोळसा घेतला. मोठे, स्वच्छ तुकडे.' स्वच्छ या शब्दाखाली मी रेघसुद्धा मारली होती.

मोठ्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड झाड उभं असतानाच शेकडो वर्षांचं झालेलं असतं. शिवाय चांगला खांब लोक जुन्या घरातून काढून नव्या घरात बसवतात. अशा कोळशावरून झाडाचं वय कळतं, घराचं नाही. कुळीथ मात्र एका हंगामाचा असतो. हे मी वर्गात दरवर्षी पहिल्या महिन्यात शिकवायचे. हिलाही मीच शिकवलं होतं. फळ्यावर खांब काढून, गाभ्यावर फुली मारून सांगायचे, 'इथे फसू नका.' आणि तो धडा एकदाही माझ्या स्वतःच्या वहीला लावून पाहिला नव्हता. भांडारातल्या लोखंडी कपाटाला टेकून मी किती वेळ उभी होते, मला आठवत नाही.

"मॅडम, लेखात तुमचा उल्लेख कसा करू?" परतताना रिक्षात तिने विचारलं. "नाव टाळून, 'पूर्वीची मोजणी' असं लिहिता येईल."

"मुळीच नाही. चूक कोणाची ते लिही. आणि वहीतली नोंद मी लिहून देते, ती माझ्या सहीने छाप."

ती रडायला लागली. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

लेख छापून येण्याआधी संस्थेत चर्चासत्र होतं. तिचं बोलणं झाल्यावर मी उठले आणि चूक कशी झाली ते सांगितलं. मागच्या रांगेत माझे एक जुने सहकारी बसले होते. हे घर इतकं जुनं नाही, इथली खापरं तसं सांगत नाहीत, असं ते तेव्हापासून म्हणत आले होते. मी भर सभेत त्यांची थट्टा केली होती. चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी तुमचा अपमान केला होता," मी म्हणाले.

"हो, केला होतात," ते शांतपणे म्हणाले. "चहा गार होतोय, घ्या."

त्यांनी माफ केलं की नाही, मला अजूनही कळलेलं नाही.

आता आठवड्यातून दोन दिवस मी धायरीहून बसने संस्थेत जाते. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद आम्ही दोघी पुन्हा वाचतोय, आणि जिथे धान्य शिल्लक आहे तिथलं धान्य चाचणीला पाठवतोय. आतापर्यंत आणखी तीन ठिकाणचे कोळसे खांबांचेच निघालेत.