बैलांच्या साखळीवरून उतरणारं पाणी

शेजारचे नाना वारले तेव्हा मी धुळ्यात त्यांनाच शिव्या देत होतो. त्यांच्या घराच्या धाब्यावरून, त्या सपाट मातीच्या छपरावरून, येणाऱ्या पाण्याने माझी मातीची भिंत वर्षानुवर्षं खाल्लेली, आणि तिच्या गिलाव्यासाठी मी सिमेंटची गोणी दोंडाईच्याच्या एसटीवर चढवत होतो. ओळखीचा कंडक्टर खाली उतरला. "भाऊ, तुमना नाना सकायले गया..." गोणी हातातच राहिली.

आमची घरं एका बोळाच्या दोन बाजूंना. बोळ इतका अरुंद की मांजराला मागे वळायचं तर गावाबाहेर जाऊन यावं लागे. नानांच्या धाब्याला पत्र्याचा नळ होता. त्यात निंबाचा पाला अडके, पाणी तुंबे आणि मग सुटलेली धार थेट माझ्या भिंतीवर. एकदा त्या धारेत आमची परात वाहत तापीपर्यंत गेली, असं मी सांगतो. अजून कोणी शहानिशा केलेली नाही. "नाना, मन्ही भीत पडी जाई!" मी ओरडे. पलीकडून उत्तर येई, "पानी काय माले इचारीसन पडस का?"

शेवटी त्यांनी नळ उपटला. आधी चिरलेला बांबू लावला. त्याला वाळवी लागली. मग असोद्याच्या मेहुण्याकडून केळीचे खांब आणले आणि त्यांची सोपटं सोलून एकाखाली एक पन्हळ रचली. आठ दिवस पाणी झकास उतरलं. नवव्या दिवशी गावातल्या यच्चयावत शेळ्या बोळात शिरल्या आणि पन्हळ खाऊन गेल्या. त्याच दुपारच्या सरीत माझी भिंत हातभर खचली. मी नानांशी बोलणं टाकलं. अख्खा श्रावण आम्ही दोघं समोरासमोरच्या ओट्यांवर बसून नुसते खाकरत होतो...

त्याच वर्षी त्यांनी बैलजोडी विकली होती. गव्हाणीपाशी लोंबणाऱ्या दोन साखळ्यांना ते कुणाला हात लावू देत नसत. एका सकाळी पाहतो तर त्याच साखळ्या एकीत एक अडकवून, धाब्याच्या कडेपासून बैलांच्या दगडी डोणीत सोडलेल्या. पाऊस आला. पाणी कड्यांना बिलगत, किणकिणत खाली उतरलं. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, तुनी भीत पडनी ते मन्हं बठ्ठं घर तुनं शे. पन बोल ना रे..."

मी बोललो. मग वारा सुटला की साखळी हले, चार शिंतोडे माझ्याकडे उडत, आणि तेवढ्या भांडवलावर आमचं भांडण पुढे कैक पावसाळे चाललं.

परवा नानांचा मुलगा प्लास्टिकचा पाइप घेऊन शिडीवर चढला. "काका, आते तुमनी भीत कोरडी ऱ्हाई." ज्यासाठी जन्मभर घसा फोडला, ते आयतं दारी आलं होतं. मी शिडी धरून उभा राहिलो आणि त्याला पाइपसकट खाली उतरवलं.

त्याच संध्याकाळी सर आली. शिंतोडे उडाले. मी तोंड उघडलं, पण समोरच्या ओट्यावर कोणी नव्हतं. बोळात उतरून साखळी धरली. पाणी बोटांवरून कोपरापर्यंत ओघळत आलं... सर थांबेपर्यंत मी हात काढला नाही.