तात्यांच्या माठातली कासवाची अंडी

प्रिय ईशा आणि अर्णव,

गेल्या रविवारी अर्णवने फोनवर सांगितलं, की त्याच्या शाळेत कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र आणलं आहे आणि ती अंडी दिवसातून तीनदा फिरवायचं काम त्याच्याकडे आलं आहे. तो फार खूश होता. मी ‘छान’ म्हटलं आणि फोन लवकर ठेवला. तुम्हाला ते खटकलं असेल. त्याचं कारण सांगायचं तर तात्यांबद्दल लिहावं लागेल. यातलं बरंचसं मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत.

तात्यांच्या हातातलं पाणी कधी हिंदकळत नसे. सोसायटीच्या मीटिंगला बारा माणसं बसलेली असली, की तात्या काठोकाठ भरलेले बारा पेले परातीत घेऊन अख्खं अंगण ओलांडून यायचे आणि परात कोरडी असायची. नेकनूरहून आत असलेल्या आमच्या गावात तुमचे आजोबा सहकारी सोसायटीचे सचिव होते आणि तात्या शिपाई. वय साठीच्या पुढे, अंगात खाकी सदरा, पायात टायरच्या चपला. घाई हा शब्द त्यांना माहीतच नव्हता. कुणी ‘चला लवकर’ म्हटलं, की म्हणायचे, “लवकर गेलेला माणूस तितं जाऊन बसतोच ना? मी इतंच बसतो.”

बहात्तरच्या दुष्काळात आमचं तळं दिवाळीआधीच आटलं. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघून गेली. तात्यांचा मुलगा आणि सूनही गेली. तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलातून कासवं बाहेर पडून पाणी शोधत हिंडू लागली आणि वाटेतच मरू लागली. काही माणसांनी खाल्ली, काही कुत्र्यांनी. शेवटची एक मादी कार्तिकातल्या एका सकाळी सोसायटीच्या आवारात आली. कचेरीची नवी खोली बांधायला आणलेली वाळू तिथे पडून होती. तात्यांनी तिला त्या ढिगात मागच्या पायांनी खड्डा करताना पाहिलं आणि दोन तास कुणालाही आवारात येऊ दिलं नाही. अंडी घालून ती निघाली आणि फाटकाबाहेर दोनशे पावलांवर कुत्र्यांनी तिला गाठून उताणं पाडलं. तात्या काठी घेऊन धावले, पण ती वाचली नाही. माझ्या पाहण्यात ते तेवढे एकदाच धावले.

त्यांनी अंडी काढली. सुपारीहून मोठी, गोल आणि कडक कवचाची. प्रत्येक अंडं जसं पडलं होतं तसंच, वरच्या बाजूला कोळशाचा ठिपका देऊन, त्यांनी ओल्या वाळूच्या माठात ठेवलं. तो माठ रिकाम्या गोदामाच्या कोपऱ्यात गेला. गावाला करमणूक झाली. पारावरचे लोक ओरडायचे, “काय तात्या, खुडूक कोंबडी मिळंना म्हणून स्वतःच बसताव का काय अंड्यावर?” तात्या म्हणायचे, “बसलो असतो बे, पन तुझ्यावानी रिकामा न्हाई मी.”

तुमच्या आजोबांनी एकदा सरळ विचारलं, “तात्या, माणसांना प्यायला पाणी नाही. कशाला हे करता?”

“साहेब, तळ्यात आता एक बी कासव न्हाई,” तात्या म्हणाले. “उद्या पाऊस झाला, तळं भरलं, तर त्याला काय सांगायचं आमी?”

आजोबांनी गोदामाची एक किल्ली तात्यांकडे कायमची दिली.

अंडं जिवंत आहे की नाही हे ओळखायला तात्या गोदावरीकाठच्या आजोळी शिकले होते. ताजं अंडं सगळीकडून सारखं, किंचित गुलाबी दिसतं. जीव धरला, की ठिपक्याच्या बाजूने खडूसारखा पांढरा डाग चढतो आणि हळूहळू पसरतो. “टोपी घातली की समजायचं, आत कुनीतरी बसलंय,” असं ते म्हणायचे. महिन्यातून एकदा ते गोदामाचं दार लावून घ्यायचे. पोस्टकार्डाला भोक पाडून ते बॅटरीच्या तोंडावर धरायचे आणि ठिपका वरच ठेवून, तीन बोटांनी उचललेल्या एखाद्या अंड्याला बाजूने उजेड लावायचे. मार्गशीर्षात आत काहीच दिसलं नाही. पौषातही नाही. मी म्हटलं, “तात्या, वाया गेली बहुतेक.” ते म्हणाले, “झोपलेत, वहिनी. भाईर काय चाललंय ते बघून कोन उठंल?” माघाच्या शेवटी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. उजेडात तांबड्या बारीक शिरा दिसत होत्या, पिंपळपानाच्या शिरांसारख्या. तात्यांचा हात स्थिर होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

फाल्गुनात साखर कारखान्याहून निरोप आला, की त्यांच्या मुलाच्या पायावरून उसाची गाडी गेली आहे. जाताना माठ त्यांनी माझ्या हवाली केला. “सकाळी दोन बोटं पानी शिंपडायचं. बाकी हात लावायचा न्हाई.”

आता माझं ऐका. त्याच वर्षी बायकांसाठी कोंबडीपालनाची योजना आली होती आणि तिच्यासोबत एक इंग्रजी पुस्तिका. गावात इंग्रजी वाचणारी बाई मी एकटी, म्हणून ती माझ्याकडे होती आणि मला जवळजवळ पाठ होती. अंडी नियमित फिरवली नाहीत तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. तात्यांचं ‘हात लावायचा नाही’ मला सोवळ्यातलं वाटलं. मी वाळू बाजूला केली. आठ अंडी निघाली. त्यांच्यावर पेन्सिलने एक ते आठ आकडे घातले आणि रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ ती फिरवली. वहीत तक्ता आखला. सोळा दिवसांत एकही रकाना रिकामा राहू दिला नाही.

तात्या परत आले ते मुलाचा पाय गुडघ्यापासून गेल्याचं सांगतच. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी वही पुढे केली. “बघा तात्या, एक वेळ चुकवली नाही.”

त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली. त्यांना वाचता येत नव्हतं. मग ते गोदामात गेले, मी मागोमाग. कोळशाचे ठिपके कुठे खाली, कुठे आडवे. त्यांनी पहिल्या अंड्याला बॅटरी लावली. शिरा नव्हत्या. पिवळट पाण्यात एक काळसर कडं होतं. दुसरं तसंच. आठही तशीच.

“कोंबडी फिरवती अंडं,” आठवं अंडं खाली ठेवत ते म्हणाले. “ती बसलेली असती ना वर. कासवीन टाकून जाती, वहिनी. कुनी हात लावनार न्हाई, ह्या भरवशावर जाती.”

मी रडू लागले. त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. “लई नीट लिवलंय,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी कोपरापर्यंत हात वाळूत घातला. तळाशी, खापराच्या आडोशाला, आणखी तीन अंडी होती. माझ्या तक्त्यात ती नव्हतीच. “तुमची मोजनी चुकली,” तात्या म्हणाले, “लई उपकार झाले.” गावात त्यांनी सांगितलं, की वरची अंडी उन्हाने गेली. आजोबांनीही तेच खरं मानलं आणि मी मानू दिलं.

त्या तिन्हींतलं एक अंडं वैशाखात गेलं. तात्यांनी नुसता वास घेऊन ते बाजूला काढलं. ज्येष्ठात दुष्काळी कामावरच्या मजुरांना सरकारी सुकडीचं पीठ वाटून परतताना तात्यांना ऊन लागलं आणि बाभळीखाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांना आणायला चार माणसं गेली. पाचवा त्यांचा मुलगा, कुबडीवर, मागून चालत होता.

माठ माझ्याकडे आला. दोन अंडी, आणि करायचं काहीच नाही. सकाळी दोन बोटं पाणी शिंपडायचं आणि दिवसभर हात आवरायचे. आयुष्यात तुमच्या आजीने याहून कठीण काम केलेलं नाही. वाळू उकरून एकदाच पाहावं, निदान टोपी तरी आहे का बघावं, असं रोज वाटे. मी पदराला हात पुसून गोदामाबाहेर येत असे.

श्रावणात एका सकाळी वाळूवर बिस्किटाएवढं पिल्लू होतं. मान आत ओढून बसलेलं. दुसऱ्या अंड्याची मी भाद्रपद संपेपर्यंत वाट पाहिली, मग फोडलं. आत सगळे अवयव झालेलं पिल्लू होतं, मेलेलं. ते का गेलं, मला सांगता येणार नाही. मी वरची आठ फिरवताना खालची वाळू हललीच असेल.

जिवंत पिल्लू मी स्वतः तळ्यावर नेलं. त्या वर्षी कमरेएवढं पाणी आलं होतं. तात्यांचा मुलगा सोबत होता. पिल्लू पाण्यात शिरलं आणि गढूळपणात दिसेनासं झालं. “एकट्यानं काय करंल ते?” त्याने विचारलं. वडिलांच्या माठातली अंडी कुणी मारली, हे त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तोही आता नाही.

पुढच्या वर्षांत ओढ्याला पूर येत राहिले. पुरासोबत नदीतून आणखी कासवं वर चढली असतील. तळ्यात आज आहेत ती त्या पिल्लाची की नदीतली, हे कुणालाच ठाऊक नाही. मागच्या हिवाळ्यात मी जाऊन आले. काठावरच्या दगडांवर सहा ऊन खात होती.