न दिलेल्या पैशांची पावती

तात्यांच्या सलूनला सोमवारी सुट्टी असे, तात्यांना नसे. सकाळी कात्री, वस्तरा, फणी आणि धुतलेले टॉवेल पिशवीत भरून ते टेकाडावरच्या शुश्रूषागृहात जात. ज्यांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, अशी माणसं तिथे असत. काही वर्षांपूर्वी तात्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तिथून निरोप धाडला होता, "दाढी वाढलीय, आरशात बघवत नाही, येऊन जा." तात्यांनी जाऊन त्याची दाढी केली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने नुसता स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्याकडे पाहिलं, म्हणून त्याचीही केली. तेव्हापासून तात्यांचा सोमवार तिथलाच झाला. पैशांचं तर नावच नको, पण तात्या चहासुद्धा घेत नसत. चहाने हात थरथरतो, असं सांगत. खरं म्हणजे त्या माणसांच्या वाटणीचं काही तोंडात घालायचं त्यांच्या जिवावर येई.

तिथल्या मोठ्या सिस्टर करड्या होत्या. त्यांचा आवाज चढला की कामचुकार माणसंसुद्धा एकदम कामात सापडत. तात्यांसाठी मात्र त्या स्वतः गरम पाणी आणून ठेवत. आपण या माणसाचं इतकं देणं लागतो आणि हा काही घेऊन घेत नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

आता जावयाबद्दल. माणूस वाईट नव्हे. एका कर-सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होता, डोकं तल्लख, फक्त नको तिथे जरा जास्त चालायचं. सासऱ्यांचा रिटर्न तोच भरी.

"तात्या, एवढं दान करता, मग करात सूट का घेत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"मी कसलं डोंबलाचं दान करतोय?"

"फुकट केस कापता ते काय मग? संस्था नोंदलेली आहे. तिला देणगी दिली की सूट मिळते. तुम्ही फक्त पावती आणा."

सूट पैशाला असते, अंगमेहनतीला नसते, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. पण "कोण बघतंय?" या दोन शब्दांवर त्याच्या ऑफिसातली निम्मी कामं चालत. सलूनच्या भिंतीवरचा दरफलक समोर ठेवून त्याने वर्षभराची रक्कम काढली. त्यात टक्कल पडलेल्यांचेही केस धरले होते.

तात्यांना ओशाळवाणं वाटलं. पण जावयाला नाही म्हणायचं म्हणजे लेकीचा चेहरा पडायचा, म्हणून त्यांनी चाचरत सिस्टरांना विचारलं. सिस्टरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "एवढंच ना?" म्हणत त्यांनी पावतीपुस्तक ओढलं. त्यात 'रोख' होतं, 'चेक' होतं, 'केस कापले' असं कुठे छापलेलं नव्हतं. जरा विचार करून त्यांनी 'रोख'वर खूण केली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंत," त्या म्हणाल्या. दोघांची इतकी वर्षं चोख व्यवहारात गेलेली. पण या कागदावर एक जण पैसे देणारा ठरतो आणि दुसरा घेणारा, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. राग येतो तो याचाच. लबाड माणसांनी असली चूक केलीच नसती.

पुढच्या वर्षी आयकर खात्याने देणग्यांची पडताळणी काढली. संस्थेला पत्र आलं, तात्यांनाही आलं. पावतीची स्थळप्रत होती, तेवढी रक्कम मात्र संस्थेत कधी जमाच झाली नव्हती.

सोमवारी तात्या एका आजोबांची दाढी करत होते. स्वयंपाकघरातल्या मावशी जवळ येऊन कुजबुजल्या, "ऐकलंत का? मोठ्या सिस्टरांनी देणगीचे पैसे खाल्ले म्हणे. कुण्या भल्या माणसाने दिले होते."

तात्यांनी वस्तरा गालावरून उचलला. कशीबशी दाढी पुरी करून ते औषधांच्या खोलीत सिस्टरांकडे गेले.

"मी संस्थेच्या अध्यक्षांना खरं सांगून टाकतो."

"काही सांगू नका," सिस्टर बाटल्यांवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही सरकारला फसवलंत असं होईल. लिहिलं मी, निस्तरीन मी."

संध्याकाळी जावई आणि लेक घरी आले. जावयाचं तोंड उतरलेलं होतं. "तुमच्याकडे पावती आहे ना? मग रोख दिले म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"म्हणजे बाई चोर?"

"तुम्ही खरं बोललात तर माझी नोकरी जाईल, तात्या."

लेक पाण्याचा ग्लास धरून दोघांच्या मध्ये उभी होती. तो कुणाला द्यावा हे तिला कळेना. तात्या भित्रे नव्हते, पण लेकीच्या संसाराचा प्रश्न आला की भल्याभल्यांची बोबडी वळते. तो आठवडा ते मूग गिळून बसले. रोज सकाळी वाटे, आज जावं. रोज दुकान उघडलं जाई आणि जायचं राहून जाई.

सोमवारी मात्र ते पिशवीसकट थेट अध्यक्षांच्या खोलीत शिरले.

"साहेब, मी दमडी दिलेली नाही. केस कापले, त्याची पावती मागितली. सिस्टरांनी काही घेतलेलं नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "काका, पैसे जमा झाले. परवा सिस्टरांनीच आणून भरले. माझ्याकडे राहून गेले होते, असं लिहूनही दिलं. आम्ही पोलिसांत गेलो नाही, राजीनामा घेतला."

"अहो, ते त्यांच्या घरचे पैसे होते!"

"असतील. खोटी पावती लिहिली तरी त्यांना जावंच लागलं असतं."

"पण चोर म्हणून नाही ना!"

"प्रकरण मिटलंय, काका. तुमची सूटही कायम झाली. आता कशाला उकरता?"

तात्या तिथून सिस्टरांच्या भाड्याच्या खोलीवर गेले आणि खिशातलं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. सिस्टरांनी ते परत त्यांच्या हातात कोंबलं. "तुम्ही काही घ्यायचा नाहीत तेव्हा मला कसं व्हायचं, ते आता कळेल तुम्हाला."

"लोक काय बोलतात, कानावर आलं का?"

"आलं." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली गेला होता. "मावशी माझ्याशी बोलत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी तात्या आयकर कार्यालयात गेले. खरं काय ते लिहून दिलं, सूट सोडली, वर दंड भरला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "तुमचं काम झालं."

"आणि सिस्टरांचं?"

"कोण सिस्टर?" त्यांनी विचारलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

जावयाची नोकरी गेली. त्याने सासऱ्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं. लेक अधूनमधून येते, पण बसत नाही. तात्यांना झोप लागत नाही, आणि ते कबूलही करतात. कुठल्या कार्यालयात जाऊन सिस्टरांवरचा डाग पुसून मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मग त्यांना आपली खुर्ची सुचली. गावातली निम्मी डोकी त्या खुर्चीत बसतात आणि तिथे ऐकलेलं दुपारपर्यंत चार गल्ल्या फिरून येतं.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याशी कापड बांधून तात्यांनी सगळं सांगितलं. पावती कुणी मागितली, पैसे कुणी दिले नव्हते, ते शेवटी कुणाच्या खिशातून गेले, काही म्हणजे काही लपवलं नाही.

गिऱ्हाइकाने आरशातून त्यांच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "तात्या, देवमाणूस आहात. तिने तुमचे पैसे खाल्ले, आणि तुम्ही अजून तिला पाठीशी घालताय. कानाशी जरा बारीक करा."

तात्यांनी कानाशी बारीक केलं, मानेवरची पावडर झटकली आणि त्याच्याकडून पैसे घेतले. मग पुढचा माणूस खुर्चीत बसला, आणि तात्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.