शून्याची पाटी

तीस वर्षं दिवसाला दोन पाकिटं ओढणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? इंजिनच म्हणत. केस पिकले तसं पुढे काका लागलं, एवढाच काय तो मान वाढला.

इंजिनकाका पत्रा ठोकून डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ठोकायच्या यंत्रांची, म्हणजे प्रेसची, देखभाल करत. शिवाय त्यांच्याकडे एक काम होतं, जे कोणालाच नको होतं. फाटकातून आत आलं की भिंतीवर मोठा फलक होता, ‘अपघाताविना दिवस’. खाली तीन खिळे, त्यांवर टांगायचे पत्र्याचे आकडे. रोज सकाळी स्टुलावर चढून आकडा एकाने वाढवायचा. अपघात झाला की शून्य लावायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या: कारण काय, उपाय काय. कारणात माणसाचं नाव लिहायचं नाही, चूक कुठे झाली ते लिहायचं, असा नियम होता आणि तो चांगला होता.

वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी काकांना एका नळीत फुंकर मारायला लावली आणि कागद पुढे धरला. “काका, तुमचं वय चोपन्न. फुप्फुसांचं वय ऐंशी.”

“माझा बाप बहात्तराव्या वर्षी गेला,” काका म्हणाले. “म्हणजे माझी फुप्फुसं बापाहून थोरली?”

“तसंच समजा.”

दुसरा कोणी घाबरला असता. काका भडकले. याआधी त्यांनी चार वेळा सिगारेट सोडली होती, चारही वेळा गुपचूप. गुपचूप सोडल्यामुळे गुपचूप धरताही आली होती. या वेळी त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याला काळा रंग दिला आणि ती पाटी मोठ्या फलकाशेजारी ठोकली. वर लिहिलं, ‘इंजिन: धुराविना दिवस’. खाली खडूने आकडा.

“अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला?” बायको म्हणाली.

“दाखवणार. सगळ्यांना दाखवणार.”

प्रेसवर बसणाऱ्यांना तर आयतं खाद्य मिळालं. “काका, इंजिन धुराविना चालतं का?”

“आता विजेवर चालतं,” काका म्हणायचे, पण दातओठ खाऊन.

कारण हाल फार होते. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. चहा गरम पाण्यासारखा लागायचा. दुसऱ्या आठवड्यात ते न्हाणीघरातल्या बादलीशीसुद्धा भांडले. डबा उघडला की बायकोने दिलेले गाजराचे तुकडे दिसायचे, आणि काका ते शत्रूची हाडं चावावीत तसे चावायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तलफ चार मिनिटं जोर करते, मग सोडते. तेवढी चार मिनिटं काढा. काकांनी घड्याळ लावलं नाही. त्यांनी प्रेसचे ठोके मोजले. तलफ आली की एक, दोन, तीन. चाळिसाव्या ठोक्याला ती ढिली पडायची. एके दिवशी त्यांनी अकरा वेळा चाळीस मोजले आणि घरी येऊन जेवताजेवता झोपले.

आकडा एक्केचाळीसवर गेला. खिल्ली उडवणारे आता सकाळी पाटी वाचून आत जायला लागले.

त्या दुपारी वीज गेली. प्रेस थांबले आणि सगळी मंडळी मागच्या शेडमध्ये धूर काढायला गेली. सवयीने काकाही गेले. तलफ आली. काकांनी कान लावला, पण मोजायला ठोका नव्हता. इतक्यात कोणीतरी पाकीट पुढे केलं. पुढे करणारा आठबोट्या होता, काकांचा वीस वर्षांचा दोस्त. उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. त्याने काही डाव म्हणून पाकीट पुढे केलं नव्हतं. वीस वर्षं करत आला तसं केलं. काकांनी सिगारेट काढली, पेटवली आणि बुडापर्यंत ओढली. तोंडात कडू चव राहिली आणि डोकं गरगरलं. सगळ्यात वाईट म्हणजे छान वाटलं.

“काही बिघडत नाही काका,” शेडमधले म्हणाले. “वीज नव्हती ना, मग तो दिवसच धरायचा नाही. उद्या बेचाळीस लावा.”

घरी बायकोने विचारलं, “वास कसला?”

“शेडमधल्या लोकांचा,” काका म्हणाले.

रात्रभर त्यांना बेचाळीस नाही, तीनशे त्रेसष्ट दिसत राहिला.

दोन वर्षांपूर्वी फलकावर तीनशे बासष्ट होते. वर्ष पुरं व्हायला तीन दिवस उरले होते, वरून पाहुणे यायचे होते, आणि तीन नंबरच्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीची कडी निसटून एकाचं नख चेचलं. साहेब म्हणाले, “खरचटलंय. हा काय अपघात आहे?” काका स्टुलावर चढले आणि त्यांनी तीनशे त्रेसष्ट लावले. अपघात झालाच नव्हता, म्हणून कारण लिहिलं नाही. कारण नव्हतं, म्हणून कडी बदलली नाही. पाहुणे आले, टाळ्या वाजवून गेले. तीनशे एकाहत्तराव्या दिवशी त्याच प्रेसने आठबोट्याची दोन बोटं नेली. आठबोट्या त्यावर काकांना एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना अजून वाटतं.

सकाळी डबा भरणाऱ्या बायकोला ते म्हणाले, “काल मी ओढली.”

“माहीत आहे. तुमचे शर्ट कोण धुतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगता का ते बघत होते,” ती म्हणाली आणि तिने दोन गाजरं जास्त कापली.

कारखान्यात सगळे यायच्या वेळेलाच काकांनी एक्केचाळीस पुसले आणि हाताच्या पंजाएवढं शून्य काढलं. खाली लिहिलं: ‘कारण: वीज गेली, हात रिकामे, शेडमध्ये उभा राहिलो. उपाय: वीज गेली की शेडमध्ये जायचं नाही, फाटकापर्यंत चालायचं.’

आठबोट्या मागून वाचत होता. “पाकीट मी पुढे केलं. माझं नाव लिही.”

“कारणात नाव लिहीत नाहीत,” काका म्हणाले. “पेटवली मी.”

तेवढ्यात साहेब आले. “काका, हे काय? बाहेरची माणसं येतात इथे. फलकाशेजारी एवढं मोठं शून्य बरं दिसत नाही. बेचाळीस करा, नाहीतर काढा ती पाटी. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“एकदा झाकली होती, साहेब,” काका म्हणाले. “तुम्ही सांगितलं आणि मी झाकली. आता नाही झाकणार. उद्या पुन्हा घसरलो तर उद्या पुन्हा शून्य लावीन. शंभर वेळा लावीन. पण खोटा बेचाळीस या हाताने लिहिणार नाही.”

साहेबांनी आठबोट्याकडे पाहिलं, तो तरी काकांना समजावेल म्हणून. आठबोट्याने उजवा हात पुढे करून मूठ वळली. जिथे दोन बोटं हवी होती तिथून पलीकडचा उजेड दिसत होता.

“माझी आता नीट झाकतही नाही, साहेब,” तो म्हणाला. “शून्य वेळेवर लागलेलं बरं असतं.”

साहेब वळून आत गेले. पाटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सोळाव्या दिवशी भर कामात पुन्हा वीज गेली. माणसं शेडकडे वळली. काका फाटकाकडे निघाले, दात घट्ट आवळून. मागून आठबोट्या आला. त्याचं पाकीट त्याच्या खिशातच होतं. त्याने सोडलेली नव्हती, पण आज त्याने खिशाला हात लावला नाही. फाटकाशी पोचेपर्यंत काकांच्या कपाळावर घाम आला होता. चारी बाजूंना शांतता, आणि मोजायला काही नाही.

आठबोट्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने उजव्या हाताची अर्धीमुर्धी मूठ वळली आणि फाटकाच्या पत्र्यावर हाणली. थांबून पुन्हा हाणली. वीस वर्षं तीन नंबरवर बसलेल्या माणसाला ठोक्याची लय शिकवावी लागत नाही. काका मोजत राहिले.

“चाळीस झाले,” आठबोट्या म्हणाला.

“आणखी दहा मार,” काका म्हणाले.