दोनदा उकळलेलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही – आणि ती तर मी चप्पल कशी काढतो त्यावरून माझा दिवस कसा गेला ते ओळखते.

करी रोडला आमच्या चाळीत पाण्याची कायमची रड. मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी. मागच्या अंगाला, जुन्या मिलच्या भिंतीलगत बोअरवेल मारायचा हट्ट माझाच. मिलचं रंगखातं त्याच बाजूला होतं, रंगाचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरलं – हे चाळीत कुणाला माहीत नव्हतं? पण पाणी लागलं, नितळ लागलं, आणि गणपतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. फुगलो होतो मी.

पाणी तपासायला दिलं होतं. सत्कारानंतर लॅबवाल्याचा फोन आला. पाण्यात शिसं आहे, क्रोमियम आहे, पिऊ नका, किडन्यांवर जातं, म्हणाला. उकळून चालेल का, मी विचारलं. नाही – उकळून धातू जात नाही, पाणी तेवढं आटतं, आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतंच.

मी काय करायला हवं होतं, ते कुणी सांगायची गरज नाही. पण लोक काय म्हणतील? ज्यांनी शाल घातली त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी – मी चाळीत सांगितलं, पाणी उत्तम आहे, फक्त उकळून प्या. आणि बायकोच्या पित्ताचं निमित्त काढून स्वतःच्या घरी विकतचे कॅन लावले.

शेजारच्या सुलभावहिनींनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. "भावोजी, तुमी सांगलात तसा उकळतंय हां. एकदा नाय, दोनदा." मी हसलो आणि घरात गेलो.

पुढे त्यांचे पाय सुजायला लागले. किडन्या गेल्या. पाण्यामुळेच? डॉक्टरांना ठाम सांगता येईना. बोअरबद्दल त्यांना कुणी बोललंच नव्हतं, आणि मी तर तिथंच उभा होतो. घरी आलो, पंप जळाला असं सांगून बोअर बंद केली. तेही खोटंच.

डायलिसिसला परळला मीच न्यायचो. वहिनी गेल्या. त्यांचे यजमान दत्ताराम आता भेटेल त्याला सांगतात, सख्खा भाऊ करणार नाही एवढं या माणसानं माझ्या बायकोसाठी केलं. माझ्यासमोर सांगतात, माझा हात धरून.

मी हात सोडवून घेत नाही. ऐकून घेतो.